तारा चिन्हाचे शेवटचे राष्ट्रीय अध्यक्ष

जानेवारी 1959 मध्ये नागपूरला काँग्रेसचे अधिवेशन भरले. त्यात एक ठराव झाला. देशातली शेती पुढे संयुक्त सहकारी शेती असावी, त्याआधी तीन वर्षे सेवा सहकारी संस्था उभाराव्यात, जमिनीवर कमाल मर्यादा घालावी आणि धान्याचा घाऊक व्यापार सरकारने हाती घ्यावा, असा त्याचा आशय होता. भंडाऱ्याहून नागपूर साठ-पासष्ट किलोमीटर. त्या दिवसांत इथल्या धानाच्या खळ्यांवर मळणीची कामे चालू असणार. ज्याच्या बांधीबद्दल हे सगळे ठरत होते, तो शेतकरी त्या बांधीचा कायदेशीर मालक होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती.

हे आठ वर्षांचे गणित समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. आपला जिल्हा तेव्हाच्या मध्य प्रांतातला. गावे मालगुजारांच्या ताब्यात. 1950च्या कायद्याने मालगुजारी रद्द झाली आणि 31 मार्च 1951 पासून हक्क सरकारकडे गेले. कुळाला, रयतेला जमिनीचा हक्क मिळाला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावर असलेली बांधी आपल्या नावावर झाली. सातबाऱ्यावरची शाई नीट वाळलीही नव्हती, तोच शेजारच्या शहरात देशाचा सर्वांत मोठा पक्ष म्हणत होता की बांध मोडून शेती एकत्र करावी.

नागपूरच्या त्या ठरावाला खुद्द मंडपात विरोध करणारे एक नाव होते चौधरी चरणसिंगांचे. नेहरूंसमोर उभे राहून त्यांनी छोट्या मालक-शेतकऱ्याची बाजू मांडली. मंडपाबाहेर त्याच ठरावामुळे काही महिन्यांत एक नवा पक्ष जन्माला आला. जून 1959 मध्ये मद्रासला चक्रवर्ती राजगोपालाचारींनी, म्हणजे राजाजींनी, स्वतंत्र पक्षाची घोषणा केली. आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा अध्यक्ष झाले, मुंबईचे मिनू मसानी सरचिटणीस झाले, कन्हैयालाल मुन्शी आणि व्ही. पी. मेनन सोबत आले. निवडणूक चिन्ह होते तारा. या पक्षाचे शेवटचे राष्ट्रीय अध्यक्ष मात्र वकील नव्हते, शेतकरी नव्हते, जन्मजात राजकारणीही नव्हते. ते होते मुंबईचे एक वास्तुविशारद, पिलू मोदी.

आज हे नाव उच्चारले तर तरुण वाचकाला काहीच आठवत नाही, आणि वडीलधाऱ्यांना आठवतात ते त्यांचे विनोद. लोकसभेतला धिप्पाड, हसरा पारशी माणूस एवढीच प्रतिमा मागे उरली आहे. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्याय आहे.

पिलू मोदींचा जन्म मुंबईत 14 नोव्हेंबर 1926 चा. वडील सर होमी मोदी. मुंबईच्या गिरणीमालक संघाचे ते अध्यक्ष होते. 1933 चा मोदी-लीज करार ज्यांच्या नावाने ओळखला जातो तेच हे. त्यांनी फिरोजशहा मेहतांचे चरित्र लिहिले, ते संविधान सभेत होते, पुढे उत्तर प्रदेशचे राज्यपाल झाले. विदर्भातल्या वाचकाने लक्षात ठेवावी अशी त्यांची एक कृती आहे. फेब्रुवारी 1943 मध्ये आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचे एकवीस दिवसांचे उपोषण चालू असताना व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातल्या तीन हिंदी सदस्यांनी राजीनामे दिले. एक नलिनीरंजन सरकार, दुसरे होमी मोदी आणि तिसरे आपल्या वणीचे लोकनायक बापूजी अणे. ब्रिटिशांशी सलोख्याने वागणारा एक उद्योगपती आणि टिळकांच्या परंपरेतला एक वऱ्हाडी नेता एकाच दिवशी, एकाच कारणाने खुर्ची सोडून बाहेर पडले. पिलू तेव्हा सोळा वर्षांचे होते. पद ही सोडण्याजोगी गोष्ट असते, हे त्यांना घरातच दिसले.

भावांपैकी रुसी मोदी पुढे टाटा स्टीलचे सर्वेसर्वा झाले. या घरातल्या मुलाने कंपनीत जावे हेच स्वाभाविक होते. पिलू आर्किटेक्ट झाले. उच्च शिक्षणासाठी ते अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलेला गेले. तिथेच त्यांना जीवनसाथी भेटली. व्हिना कोल्गन, स्वतः आर्किटेक्ट. आणि तिथे मुंबईचा एक जुना मित्रही होता, झुल्फिकार अली भुट्टो. झुल्फिकारचे वडील सर शाहनवाझ हे मुंबई प्रांताच्या राजकारणातले, त्यामुळे मुलाचे शालेय वय मुंबईत गेले. पिलू आणि झुल्फी यांची मैत्री तिथली. या मैत्रीकडे पुढे यायचे आहेच.

भारतात परतल्यावर पिलू मोदींनी चंदीगडला ल कॉर्बुझिए यांच्या हाताखाली काम केले. ते दिवस कसे असतील याची कल्पना करून पाहावी. फाळणीत लाहोर गमावलेल्या पंजाबसाठी उघड्या माळावर नवी राजधानी उभी राहत होती. सेक्टर आखले जात होते, काँक्रीट ओतले जात होते, उन्हाची तिरीप अडवण्यासाठी भिंतीबाहेर उभ्या-आडव्या पट्ट्या कशा लावायच्या यावर प्रयोग चालू होते. जगातला सर्वांत नावाजलेला वास्तुकार तिथे एक अख्खे शहर आपल्या मनाप्रमाणे घडवत होता, आणि ते शहर उभारायला त्याला राज्यसत्तेचे संपूर्ण पाठबळ होते. एका तरुण आर्किटेक्टला याहून मोठी शाळा मिळाली नसती.

पण मला नेहमी वाटत आले आहे की याच शाळेत त्यांनी दुसरा एक धडाही घेतला असावा. हे माझे अनुमान आहे, आणि ते अनुमान म्हणूनच वाचावे. कागदावर आखलेली वस्ती आणि माणसे राहू लागल्यावरची वस्ती यांत किती अंतर पडते, हे आर्किटेक्टला सर्वांत आधी दिसते. स्वयंपाकघर कुठे हवे हे त्यात रांधणारी बाई ठरवते. ओटा कुठे लागतो हे संध्याकाळी बसणारे म्हातारे ठरवतात. अख्ख्या देशाचा नकाशा दिल्लीच्या टेबलावर आखून पंचवार्षिक योजना राबवणाऱ्यांना पिलू मोदी पुढे जन्मभर जो विरोध करत राहिले, त्याची मुळे मला त्यांच्या व्यवसायात दिसतात.

मुंबईत पती-पत्नींनी मिळून ‘मोदी अँड कोल्गन’ ही संस्था चालवली. पिलू मोदींच्या नावावरची सर्वांत प्रसिद्ध इमारत मात्र दिल्लीत आहे. गोल्फ मैदानाच्या कडेला 1965 मध्ये सुरू झालेले ओबेरॉय इंटरकॉन्टिनेन्टल हॉटेल. दुर्गा बाजपाई यांच्यासह त्यांनी त्याचा आराखडा केला. राजधानीतल्या सुरुवातीच्या आधुनिक पंचतारांकित हॉटेलांपैकी ते एक. चाळिशीच्या आत असे काम हाती आलेला माणूस सुखाने आणखी तीस वर्षे इमारती बांधत राहिला असता.

1967 मध्ये ते निवडणुकीला उभे राहिले. मुंबईतून किंवा महाराष्ट्रातल्या दुसऱ्या मतदारसंघातून नव्हे, तर गुजरातेतल्या गोध्र्यातून. याचे कारण सरळ आहे. स्वतंत्र पक्षाला महाराष्ट्राने कधी जवळ केले नाही. 1962 मध्ये इथून लोकसभेची एक जागा नाही, 1967 मध्येही नाही. त्याच 1967 मध्ये गुजरातने त्यांना बारा जागा दिल्या. देशभर मिळून 44 जागा जिंकून स्वतंत्र पक्ष लोकसभेतला सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. पक्षाचे बौद्धिक डोके मुंबईत, मसानींसारखे नेते मुंबईचे, पैसा बराचसा मुंबईचा, आणि मते मात्र गुजरात, राजस्थान, ओरिसातली. महाराष्ट्रात सहकाराचे जाळे काँग्रेसने गावोगाव विणले होते. साखर कारखाना, जिल्हा बँक, खरेदी-विक्री संघ यांच्यापुढे खुल्या बाजाराची भाषा टिकली नाही. राजेरजवाड्यांचा आणि भांडवलदारांचा पक्ष हा शिक्काही त्यांच्यावर बसला. तो सगळाच खोटा नव्हता. संस्थानिकांचे तनखे रद्द करण्याला पक्षाने विरोध केला आणि ओरिसा-राजस्थानात माजी राजे-महाराजे हेच पक्षाचे उमेदवार असत. पण रंगांचा शेतकरी मालकीहक्काचा आग्रहही त्याच पक्षात होता. तो आग्रह आपल्या भागातल्या धानवाल्यापर्यंत कुणी पोहोचवलाच नाही.

वास्तविक तो पोहोचायला भंडाऱ्यासारखा जिल्हा नव्हता. राष्ट्रीय राजकारण इथे नवे नव्हते. 1954 च्या पोटनिवडणुकीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर भंडाऱ्यातून राखीव जागेवर उभे होते आणि काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून हरले. त्याच द्विसदस्य मतदारसंघाच्या सर्वसाधारण जागेवर समाजवादी नेते अशोक मेहता निवडून आले. म्हणजे देशातले दोन मोठे विचार इथल्या गावांत फिरले, सभा झाल्या, लोकांनी ऐकले. तिसरा विचार आला असता तर तोही ऐकला असता.

आणि इथल्या माणसाकडे त्या विचाराला जोडून सांगण्यासारखे स्वतःचे काही होते. आपले तलाव. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी गोंड राजवटीपासून बांधलेले तलाव आणि बोड्या हा या जिल्ह्याचा सर्वांत जुना वास्तुवारसा आहे. नकाशा न काढता, उताराचा नुसत्या नजरेने अंदाज घेऊन घातलेली पाळ, सांडवा, पाट, आणि खाली टप्प्याटप्प्याने उतरत जाणाऱ्या बांध्या. मालगुजारी गेली तेव्हा हे तलाव सरकारजमा झाले. आजही त्यांना माजी मालगुजारी, म्हणजे बोलीत ‘मामा तलाव’ म्हणतात. साकोली-लाखांदूरकडे जुनी माणसे सांगतात की पूर्वी पाळीला भगदाड पडले की अख्खे गाव टोपल्या-फावडी घेऊन धावायचे. मालगुजाराचा वचकही त्यात होता, वेठही होती. ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. पण तलाव सरकारी झाल्यावर गाळ साचत गेला, पाळीवर झाडे उगवली, तलावाच्या पोटात अतिक्रमणे झाली, आणि दुरुस्ती कोणी करायची यावर कागद फिरत राहिले. वेठ संपवून मालकी गावाकडे देण्याऐवजी ती खात्याकडे दिली, हे चुकले. बेचाळीस-पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मे महिन्यात कोरड्या तलावाच्या पोटात उभे राहिले की स्वतंत्र पक्षाचा मुद्दा पुस्तकाशिवाय समजतो. जे सगळ्यांचे म्हणून कागदावर येते ते राखायला कोणी उरत नाही.

1971 च्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या लाटेत स्वतंत्र पक्ष 44 वरून आठ जागांवर आला. मसानी बाजूला झाले. 1972 च्या नाताळात राजाजी गेले. या पडझडीत गोध्र्याची जागा दुसऱ्यांदा राखलेले पिलू मोदी पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले. भरभराटीच्या काळात अध्यक्षपद मिळवणारे अनेक असतात. यांच्या वाट्याला आला तो खासदार गमावलेला, संस्थापक गमावलेला, तिजोरी आटलेला पक्ष.

लोकसभेत मात्र त्यांची उपस्थिती आठ जणांच्या पक्षाची वाटत नसे. विरोधकांवर परकीय हस्तक असल्याचे आरोप सर्रास होत होते तेव्हा आपण सीआयएचे एजंट आहोत अशी पाटी गळ्यात अडकवून ते सभागृहात गेले. अध्यक्षांनी ती काढायला लावली, पण तो आरोप त्यानंतर पूर्वीसारखा उच्चारता येईना. दुसरा एक किस्सा संसदेच्या वर्तुळात अजून सांगतात. मध्येमध्ये ओरडणाऱ्या एका सदस्याला त्यांनी भुंकू नका म्हटले. तो शब्द कामकाजातून काढला गेला. मग त्यांनी रेकू नका म्हटले, आणि तो राहून गेला. इंदिरा गांधींशी त्यांचे वैचारिक वैर टोकाचे, आणि तरी व्यक्तिगत संबंध मोकळे. बाकांवरून दोघांत चिठ्ठ्या जात असत असे सांगतात. विरोधक म्हणजे शत्रू नव्हे, हे त्यांना भाषण करून सांगावे लागले नाही.

याच वर्षांत, 1972 च्या मे महिन्यात, संसदेने वास्तुविशारद कायदा केला. आर्किटेक्ट म्हणून कोणी नाव लावायचे, नोंदणी कोणाची, शिक्षणाचा दर्जा कोणी पाहायचा हे त्या कायद्याने ठरले आणि वास्तुविशारद परिषद स्थापन झाली. आज नागपूरला शिकून भंडाऱ्यात, तुमसरात पाटी लावणारा प्रत्येक आर्किटेक्ट त्या कायद्याखाली नोंदलेला आहे. तो मंजूर झाला तेव्हा लोकसभेत या व्यवसायातला एक माणूस बसलेला होता.

त्यांच्या धैर्याचा मला सर्वांत मोठा वाटणारा पुरावा सिमल्याचा आहे. 1971 चे युद्ध नुकतेच संपलेले. पाकिस्तानचे प्रमुख भुट्टो म्हणजे भारतात द्वेषाचे नाव. जून 1972 च्या अखेरीस ते शिखर परिषदेसाठी सिमल्याला आले. एका विरोधी खासदाराने अशा वेळी या मैत्रीचा उच्चार टाळला असता तर कोणी बोट ठेवले नसते. पिलू मोदी सिमल्याला गेले, मित्राला भेटले आणि पुढच्या वर्षी ‘झुल्फी माय फ्रेंड’ हे पुस्तक लिहून मोकळे झाले. मित्राचे राजकारण त्यांना पटत होते असे नाही. पण शत्रुराष्ट्राचा प्रमुख हाही कधी काळी मुंबईच्या शाळेत जाणारा मुलगा होता, हे भारतीय वाचकाला सांगणे त्यांना आवश्यक वाटले. आज असे पुस्तक लिहिण्याची हिंमत किती खासदार करतील, हा प्रश्न मी वाचकांवरच सोपवतो.

एप्रिल 1973 मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला. नागपूरच्या ठरावातले एक कलम चौदा वर्षांनी प्रत्यक्षात आले. गहू बाजारातून नाहीसा झाला, भाव चढले आणि वर्षभरात सरकारला पाऊल मागे घ्यावे लागले. त्यापाठोपाठ तांदळाचा व्यापार ताब्यात घेण्याचा बेत होता, तो सोडून दिला गेला. तो अमलात आला असता तर आपल्या धानपट्ट्यातल्या शेतकऱ्याचे आणि राइस मिलवाल्यांचे काय झाले असते हे सांगायला नको. लेव्हीचे आणि जिल्हाबंदीचे जाच त्यांनी सोसलेच होते. मोदींच्या पक्षाने 1959 पासून जे सांगितले ते या प्रकरणात शब्दशः खरे ठरले. पण ते सांगणारा पक्ष तोवर मोडकळीला आला होता.

ऑगस्ट 1974 मध्ये पिलू मोदींनी स्वतंत्र पक्ष चरणसिंगांच्या नेतृत्वाखालच्या भारतीय लोकदलात विलीन केला. नागपूरच्या मंडपात ठरावाला विरोध करणारे चरणसिंग आणि त्या ठरावामुळे जन्मलेला पक्ष पंधरा वर्षांनी एकत्र आले, असे म्हटले तर त्यात एक संगती दिसते. मसानींना हे विलीनीकरण मान्य नव्हते. मुंबईतल्या काही कार्यकर्त्यांनीही पक्षाचे नाव सोडायला नकार दिला. त्यांचे म्हणणे असे की छोट्या शेतकऱ्याच्या मालकीपुरते चरणसिंग जवळचे आहेत, पण उद्योग, व्यापार, परवाना पद्धत यांबाबत त्यांचा विचार वेगळा आहे. मोदींचे म्हणणे असे की विरोधक विखुरलेले राहिले तर लोकशाहीच उरणार नाही.

दहाच महिन्यांत आणीबाणी आली. पिलू मोदींना अटक झाली आणि रोहतकच्या तुरुंगात ठेवण्यात आले. भंडाऱ्याचे माजी खासदार अशोक मेहताही तेव्हा तुरुंगात होते. नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष राहिलेला समाजवादी आणि नियोजनाचा कडवा टीकाकार, दोघेही एकाच सरकारचे कैदी झाले. विरोधकांनी एकत्र यावे हा मोदींचा आग्रह बरोबर ठरला. 1977 चा जनता पक्ष भारतीय लोकदलाच्याच निवडणूक चिन्हावर बहुतेक ठिकाणी लढला आणि जिंकला. स्वतंत्र पक्षाचे जुने नेते एच. एम. पटेल अर्थमंत्री झाले. मोदी स्वतः मात्र त्या निवडणुकीत गोध्र्यातून हरले. 1978 मध्ये ते राज्यसभेत आले. 1979 मध्ये लोकशाही म्हणजे भाकरी आणि स्वातंत्र्य दोन्ही, असे शीर्षकातच सांगणारे त्यांचे पुस्तक निघाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये रावळपिंडीत भुट्टोंना फाशी झाली. पिलू मोदी 29 जानेवारी 1983 रोजी गेले. वय अवघे 56.

ओरिसात कटकला त्यांच्या नावाचे वास्तुकला महाविद्यालय आहे. त्यांच्या पक्षाचा विचार महाराष्ट्रात पुन्हा उभा राहिला तो शरद जोशींमुळे. शेतमालाचा भाव आणि सरकारी निर्बंध यांवर त्यांच्या शेतकरी संघटनेने विदर्भातल्या लाखो शेतकऱ्यांना रस्त्यावर आणले. 1994 मध्ये जोशींनी पक्ष काढला तेव्हा त्याचे नाव ठेवले स्वतंत्र भारत पक्ष. जे काम मुंबईच्या इंग्रजी बोलणाऱ्या सभ्य गृहस्थांना जमले नाही, ते गावच्या पारावर मराठीत बोलणाऱ्या माणसाने केले.

माझे मत स्पष्ट सांगतो. 1974 चे विलीनीकरण ही पिलू मोदींची चूक होती, आणि ती त्यांनी योग्य कारणासाठी केली. लोकशाही वाचवण्यासाठी त्यांनी आपला पक्ष मोडला. आघाडी करून, आपले नाव आणि तारा राखूनही ते करता आले असते. कारण मोडलेला पक्ष या देशात आता पूर्वीच्या रूपात पुन्हा उभा करता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1989 पासून लागू झालेल्या 29-अ कलमाप्रमाणे नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. स्वतंत्र पक्षाचे जुने कार्यकर्ते एस. व्ही. राजू यांनी या अटीविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. 2015 मध्ये राजू गेले. ते कलम अजून तसेच आहे.